एकोणीस फुटांवर थांबलेली विहीर

आगाथा हार्डर उंचीने माझ्या खांद्याला लागत होती. वजन फार तर पन्नास किलो. पॅराग्वेतल्या चाकोच्या रानात आम्ही गाव वसवले त्या वर्षी ती चौतीस वर्षांची होती. पदरात तीन मुली, नवरा नाही. विहिरीच्या कामावर ती माझ्याबरोबर सात आठवडे होती. सात आठवड्यांत ती एकदाही उशिरा आली नाही, आणि एकदाच तिने माझे ऐकले नाही. त्या एका वेळेबद्दल लिहितो आहे.

तिचा नवरा बर्नहार्ट माझा मित्र. नदीकाठच्या छावणीत तो विषमज्वराने गेला. आम्ही जर्मन बोलणारी, शस्त्र न धरणाऱ्या पंथाची माणसे. आमची शाळा कुठल्या भाषेत चालवायची हे कॅनडाचे सरकार ठरवू लागले, तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांनी तो देश सोडला. पॅराग्वेने शब्द दिला की शाळा तुमची, प्रार्थना तुमची, आणि कुणाच्या हातात बंदूक देणार नाही. आम्ही गाड्याबैल विकून निघालो. इकडे पोचल्यावर जमिनीची मोजणी व्हायची होती. ती होईपर्यंत सोळा महिने त्याच नदीकाठच्या बंदरावर तंबूत बसून काढले. बसून राहण्याने माणसे मरतात असे माझे मत आहे, पण डॉक्टरांच्या मते ते पाण्याने झाले. आमच्या सोळा घरांतली अकरा माणसे तिथे पुरली.

मग रेल्वे, मग नऊ दिवस बैलगाड्या, मग हे गवताळ माळरान. गावाला जुन्याच गावाचे नाव दिले, लिंडेनहोफ. लिंडेनचे झाड इथे औषधालाही सापडणार नाही. मधोमध एक सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना आठ-आठ घरांच्या जागा, मध्यभागी शाळा. कॅनडात, मॅनिटोबात होते तसेच. जागा कुणाला कुठली हे चिठ्ठ्या टाकून ठरले. चिठ्ठी देव काढतो, म्हणून त्यावर कुणी कुरकुर करत नाही. बर्नहार्टचे नाव कॅनडात केलेल्या यादीत होते. त्याच्या जागी आगाथाने टोपीत हात घातला. सात नंबर निघाला.

घराच्या जागेबरोबर एक बंधन येते. प्रत्येक जागेने आठवड्याला एक दिवस गावाच्या कामाला एक गडी द्यायचा. रस्ता तोडणे, शाळा बांधणे, विहीर खणणे. गडी नाही तर जागा कशी चालणार, असा प्रश्न पहिल्याच महिन्यात आला.

बैठक शाळेच्या छपराखाली भरली. बैठकीत पुरुष बसतात, बायका बाहेर. भिंती अजून झाल्या नव्हत्या, त्यामुळे बाहेर आणि आत यांत फरक एवढाच की आतल्यांना बाक होते. विधवेला आमच्यात मंडळी एक पालक नेमून देतात, तो तिच्या वतीने बोलतो. आगाथाचे पालक डीट्रिश वॉल. साठीचे, दांडगे आणि मनाने खरोखर चांगले.

ते उभे राहून म्हणाले, "माझ्या मागच्या खोलीत ती आणि पोरी राहतील. खाण्यापिण्याचं मी बघतो. सात नंबर आमच्या हाइनला द्या. त्याचं लग्न ठरलंय, हातपाय धड आहेत. सगळ्यांची सोय होईल."

यात लबाडी नव्हती. दया होती. लबाडीशी भांडता येते.

बाहेरून आगाथा म्हणाली, "जागा मी ठेवते. दिवस मी भरते."

गावाचे मुख्य कॉर्नेलियस एप्प वयाने आणि शिस्तीने मोठे. बैठकीत बाईशी बोलायचे नाही ही शिस्त. दहा फुटांवर उभ्या असलेल्या आगाथाकडे न बघता त्यांनी वॉलकडे तोंड केले.

"डीट्रिश, तिला विचार, कुऱ्हाड धरता येते का."

"येते," आगाथा म्हणाली.

एप्प वॉलकडेच बघत राहिले. "काय म्हणते?"

"येते म्हणते," वॉल म्हणाले.

"आणि पहार?"

"पहारही येते. आणि कानही शाबूत आहेत म्हणावं," आगाथा म्हणाली.

"काय म्हणते?"

"पहारही येते म्हणते," वॉल म्हणाले. दुसरे वाक्य त्यांनी आतच ठेवले.

शेवटी ठरले ते असे. तिसरी विहीर पुरी होईपर्यंत तिने विहिरीवर काम करून दाखवावे. रोज, आठवड्याला एक दिवस नव्हे, कारण विहिरीला रोजची माणसे हवी होती. आणि विहिरीला गोड पाणी लागले नाही तर मग जागेचा प्रश्नच उरत नव्हता. गाव मोडून चार तासांवरच्या शेजारगावात सामील व्हायचे, तिथे नव्याने चिठ्ठ्या टाकायच्या. त्या टोपीत विधवेचे नाव पडणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होते.

तिसरी विहीर म्हटले, कारण दोन फुकट गेल्या होत्या. दोन्ही मी खणल्या होत्या. पहिली शाळेसमोर, अठ्ठावीस फूट. दुसरी पूर्वेच्या टोकाला, सव्वीस फूट. बांधणी मजबूत, कडा ओळंब्यात सरळ. पाणी भरपूर आणि खारट. बैलसुद्धा तोंड घालून मागे सरत. पिण्याचे पाणी आम्ही शेजारगावाहून पिंपात आणत होतो. एक बैलजोडी त्यातच अडकलेली. मी खणण्यात कसूर केली नव्हती. उलट इतर गावांतले लोक वीस-बावीस फुटांवर थांबत, मी थांबलो नाही. मॅनिटोबात माझ्या वडिलांनी शिकवले होते की ज्याची विहीर उथळ त्याची हाडे आळशी. दुष्काळात खोल विहीरच टिकते.

तिसरी विहीर पश्चिमेच्या टोकाला धरली. मी खाली, रहाटावर दोघे. एका बाजूला आगाथा, दुसऱ्या बाजूला इसब्रांट नॉयफेल्ड. इसब्रांटची पाठ धरलेली आणि जीभ मोकळी.

पहिल्या दिवशी मी तिला सांगितले, "वहिनी, हँडल हाताने ओढायचं नाही. पाय रोवायचा आणि अंग टाकायचं. हाताने ओढाल तर दुपारपर्यंत संपाल."

"क्लासभाऊ, पंचवीस वर्षं लोणी घुसळलंय. अंग कसं टाकायचं ते मला ठाऊक आहे."

"लोणी गुडघ्यावर पडत नाही. ही बादली माझ्या डोक्यावर पडेल."

"मग तुम्ही टोपी घाला."

इसब्रांट खूश झाला. "क्लास, बर्नहार्ट एवढा गप्प का असायचा ते आता कळलं बघ."

मी बारीक लक्ष ठेवून होतो. भरलेली बादली पस्तीस किलोची. ती वर काठावर आली की एकाने रहाटाला खीळ घालायची, दुसऱ्याने बादली ओढून घ्यायची. खीळ घालायला विसरला की खालच्या माणसाचा विषय संपला. पहिल्या आठवड्यात तिच्या तळव्यांना फोड आले, ते फुटले, तिने चिंधी गुंडाळली. दुसऱ्या आठवड्यात चिंधी गेली. खीळ ती कधीच विसरली नाही. इसब्रांट दोनदा विसरला आणि दोन्ही वेळा तिचा हात आधी पोचला.

एक गोष्ट मला खटकत होती. बादली वर गेली की ती ओल्या मातीची चिमूट जिभेवर ठेवायची. चघळायची, थुंकायची. इसब्रांटने विचारले, "वहिनी, घरी जेवण कमी पडतंय का? मांडिओकाचे कंद देऊ का दोन?"

"मीठ बघते."

"आणि?"

"अजून नाही."

मॅनिटोबात ती चीज करायची. आमच्या भागात तिच्या चीजला नाव होते. मिठाचे पाणी एका थेंबावर ओळखायची, असे बर्नहार्ट सांगायचा. पण माती ही काही चीज नव्हे. मी तिला सांगितले की चव पाण्याला असते, गाळाला नाही.

जेवायच्या सुट्टीत तिने मला एक प्रश्न विचारला. हातात तिचा दुमजली पाव होता, जो आम्ही आठवडाभर वाळवून खातो. "पहिल्या विहिरीला ओल कितव्या फुटाला लागली?"

"अठराव्या."

"तेव्हा पाणी कसं होतं?"

"गढूळ."

"चवीला?"

"वहिनी, विहीर पुरी व्हायच्या आधी पाणी कोण पितं? खालून गाळ ढवळत असतो."

"म्हणजे चाखलं नाही."

"नाही चाखलं."

"दुसऱ्या विहिरीचं?"

मी पाव चावत राहिलो.

मग तिने सांगितले. या माळावर आमच्याही आधीपासून राहणाऱ्या एनल्हेत लोकांची एक म्हातारी तिच्याकडे पाव मागायला यायची. बदल्यात कधी मध, कधी सरपण. भाषा दोघींना एकमेकींची येत नव्हती. आगाथा एकदा तिच्यामागून पाण्याला गेली. म्हातारीने गवतात हाताने माती उकरली, मांडीएवढा खड्डा केला, आणि ओल लागली तशी थांबली. पाणी जमायची वाट बघत बसली. आगाथा मदतीला म्हणून आणखी उकरायला गेली, तर म्हातारीने तिच्या हातावर चापट मारली.

"जोरात?" इसब्रांटने विचारले.

"आई मारते तशी."

"मग?"

"मग गप्प बसले. तासाभराने तिचा पाण्याचा भोपळा भरला. पाणी गोड होतं."

मी म्हणालो, "मांडीएवढ्या खड्ड्यावर सोळा घरं आणि नव्वद गुरं जगत नाहीत."

"ते खरं," ती म्हणाली, आणि पाव संपवून रहाटावर गेली.

सप्टेंबरात उत्तरेचा वारा सुटला. तो चार-चार दिवस वाहतो आणि डोळ्यांत, पिठात, अंथरुणात धूळ भरतो. पिंपांचे पाणी पुरेना. शेजारगावाने कळवले की त्यांचीही पातळी उतरते आहे, एक दिवसाआडच या. एप्प रोज संध्याकाळी काठावर येऊन आत डोकावत आणि परत जात.

सातव्या आठवड्याच्या मंगळवारी सतराव्या फुटाला ओल लागली. बुधवारी एकोणीस फूट झाले आणि पाणी माझ्या नडग्यांपर्यंत आले. वाळू बारीक, पांढरी. मी वर ओरडून सांगितले की लाकडाच्या आणखी तीन चौकटी तयार ठेवा, आठ फूट अजून जायचे आहे. बादली भरून वर गेली. खाली आली नाही.

थांबलो. मग हाक मारली, "बादली."

वरून आगाथाचे डोके दिसले. "क्लासभाऊ, वर या."

"का? कोण आलंय?"

"कुणी नाही. पाणी गोड आहे. झालं काम."

"काम झालं की मी सांगतो. बादली सोडा."

"नाही सोडणार."

"इसब्रांट, बादली सोड."

इसब्रांटचे डोके दुसऱ्या बाजूला दिसले. "बादली वहिनींकडे आहे. त्या तिच्यावर बसल्यात."

"मग त्यांना उठव."

"माझी पाठ."

माझ्या हातात फावडे, पायाखाली ढासळणारी वाळू. रागाने मी काय बोललो ते लिहीत नाही, रविवारी मंडळींसमोर त्याची कबुली दिली आहे. आगाथाने ते सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुम्हाला वर ओढायला दोर सोडते. मातीला नाही सोडत. आधी ओंजळीने प्या तरी."

प्यालो. गढूळ होते, पण गोड होते. नदी सोडल्यापासून असे पाणी तोंडात गेले नव्हते. तरी गोड असणे मला पुरेसे वाटेना. दोन फूट पाणी म्हणजे विहीर नव्हे, डबके. माझ्या नावाची विहीर एकोणीस फुटांची, असे लोकांनी म्हणावे हे मला नको होते. खरे कारण हे. मी दोराच्या फासात पाय घालून वर आलो तो भांडायलाच.

तोपर्यंत एप्प आणि वॉल येऊन पोचले होते. आवाज रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला गेला होता.

एप्प म्हणाले, "डीट्रिश, तिला विचार काय चाललंय."

"एप्पकाका, मी इथेच आहे," आगाथा म्हणाली. मला वर काढून ती पुन्हा उलट्या बादलीवर बसली होती. "गोड पाणी वर आहे, खारं खाली. तेल पाण्यावर तरंगतं तसं. क्लासभाऊंनी दोन्ही वेळा गोडातून जाऊन खाऱ्याला भोक पाडलं. हेही पाडतील. त्यांच्याइतकं कष्टाळू कुणी नाही."

शेवटचे वाक्य तिने टोमणा म्हणून म्हटले नाही. म्हणून जास्त लागले.

एप्पांनी मला विचारले, "क्लास, तुझं मत?"

"दोन फूट पाणी आठ दिवसांत आटेल."

"आणि खाली गेलास तर गोड राहील याची खात्री?"

दोन विहिरींनंतर खात्री कशी देणार?

आगाथा उठली. "आठ दिवस द्या. प्रत्येक घराला सकाळी तीन बादल्या, संध्याकाळी तीन. गुरांना पिंपाचं. आठ दिवसांत आटली किंवा खारी झाली तर क्लासभाऊंनी हवं तेवढं खणावं, आणि सात नंबर हाइनला द्या. मी वॉलकाकांच्या खोलीत जाते."

वॉल म्हणाले, "पोरी, पैज लावू नये. आपल्यात चालत नाही."

"ही पैज नाही, काका. एवीतेवी तेच होणार आहे."

एप्प पहिल्यांदा तिच्याशी सरळ बोलले. "आठ दिवस," म्हणाले.

पहिले चार दिवस मी सकाळ-संध्याकाळ खुणा केलेली काठी घेऊन काठावर. संध्याकाळी पातळी वीतभर उतरे, सकाळी पुन्हा खुणेवर. गावाने कुरकुर केली. सहा बादल्यांत धुणे कसे व्हायचे? आगाथा सगळ्यांना एकच उत्तर देई, "धुणं थांबतं." तिच्या स्वतःच्या पोरी मळक्या झग्यांत फिरत होत्या.

पाचव्या दिवशी उन्हाच्या वेळी मी चौकटींना रंधा मारत होतो, तेव्हा हाइन वॉल विहिरीवर गेला. त्याला घरासाठी कच्च्या विटा पाडायच्या होत्या. विटांना पाणी लागते. त्याने बैलाला दोर बांधून सलग साठ बादल्या काढल्या. कुठल्याही डावाने नाही. बादल्यांचा नियम घरासाठी आहे, विटांसाठी नाही, असे त्याला वाटले. आमच्यात तरुण माणसाला काम दिसले की तो विचारत बसत नाही. त्याला तसेच वाढवलेले असते. मलाही.

संध्याकाळी पाणी खारट लागले. पहिल्या बादलीला सौम्य, तिसरीला तोंड वाकडे होईल इतके. बायका बादल्या ओतून रिकाम्या हातांनी परतल्या. कुणी आगाथाकडे बघत नव्हते, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होते.

तिने काठावर उभे राहून चव घेतली. थुंकली. मग हाइनच्या विटांच्या खड्ड्याकडे गेली, चिखलात बोट बुडवून चाटले, आणि परत आली.

"खड्ड्याच्या तळाचा चिखल गोड आहे," ती म्हणाली. "वरचा खारा. म्हणजे आधी गोड आलं, मग खारं. उपसा जोरात झाला तसं खालचं वर ओढलं गेलं. उद्या दिवसभर कुणी दोर सोडू नका."

"आठ दिवसांत खारी झाली तर, असं तुम्हीच म्हणाला होतात," मी म्हणालो.

"म्हणाले होते."

"मग?"

"मग उद्याचा दिवस माझ्या आठातलाच आहे ना?"

तो होता. मी मोजून पाहिले.

दुसऱ्या दिवशी झाकण लावून मी त्यावर बसलो. मला कुणी सांगितले नव्हते. माझ्या मते आता खणायलाच हवे होते, पण एक दिवस म्हणजे एक दिवस. गाव पिंपाच्या तळाचे पाणी प्यायले. आगाथा त्या दिवशी विहिरीकडे फिरकली नाही. सात नंबरवर गवताच्या गड्ड्या उपटत होती. जागा राहणार की जाणार ते ठाऊक नसताना गड्ड्या उपटायच्या, तेही मुळापासून, एकही अर्धवट तोडायची नाही. मला लांबून दिसत होते. मुळासकट गवत उपटणे हे विहिरीइतकेच जड काम आहे, आणि ते बघायला कुणी थांबत नाही.

दुपारी वॉल हाइनला घेऊन तिच्याकडे गेले. हाइनने टोपी काढली होती.

"आगाथा, याला बोलायचंय."

"मावशी, चूक झाली. मला वाटलं…"

"विटा किती पाडल्यास?"

"दीडशे."

"चांगल्या आल्यात?"

हाइन बापाकडे बघू लागला. "खारट मातीच्या भिंतीला पोपडे येतात," आगाथा म्हणाली. "वरच्या थरातल्या फेकून दे. तळच्या ठेव."

हाइन गेला. वॉल तिथेच उभे राहिले, मग वाकून त्यांनीही एक गड्डी उपटली.

सातव्या दिवशी सकाळी एप्पांनी स्वतः दोर सोडला. सगळे गाव जमले होते. पातळी खुणेवर होती. एप्पांनी टिनाच्या पेल्यात पाणी घेतले, प्यायले, पेला पुन्हा भरला आणि वॉलना दिला. वॉल प्यायले, मला दिला. मी घोट तोंडात धरून ठेवला. मीठ शोधत होतो. पुसटसे होते, जिभेच्या कडेला. दुसऱ्या बादलीत तेही नव्हते.

पेला आगाथाकडे गेला. ती प्यायली आणि म्हणाली, "उद्यापर्यंत आणखी सुधारेल."

आठव्या दिवशी सुधारले होते.

त्या संध्याकाळी बैठक. एप्प म्हणाले, "सात नंबरचं बोला." वॉल उठले. पालक म्हणून त्यांचाच पहिला हक्क. मला वाटले ते पुन्हा मागच्या खोलीबद्दल बोलतील. ते म्हणाले, "माझं म्हणणं मागे घेतो. हाइनला शेजारगावात जागा बघू. त्याला बादल्या मोजायला शिकायचंय अजून." लोक हसले. मग एप्पांनी मला विचारले की सात आठवड्यांचे काम पुऱ्या गड्याचे धरायचे का.

मी म्हणालो, "पुऱ्या गड्याचं धरा. बादलीवर बसली तो वेळही धरा."

इसब्रांट मागून म्हणाला, "तो तर दुप्पट धरा. क्लासच्या तोंडाच्या पट्ट्याखाली बसणं सोपं नव्हतं."

हात वर झाले. सोळांपैकी चौदा. उरलेल्या दोघांनी नंतरही कधी कारण सांगितले नाही, पण पाणी त्याच विहिरीचे प्यायले.

सोमवारी मी पहिली विहीर बुजवायला घेतली. पुरी नाही, खारे पाणी दाबून टाकायला खालचे नऊ फूट. चिकणमाती टाकायची, चोपायची, पुन्हा टाकायची. आयुष्यात एवढे अवघड काम केले नाही. खणताना प्रत्येक फूट दिसतो. बुजवताना आपणच खणलेला प्रत्येक फूट दिसतो. आगाथा कामाला आली. तिची पाळी नव्हती, आणि सात नंबरचे त्या आठवड्याचे काम शाळेच्या भिंतीवर लागले होते. मी तसे सांगितले.

"भिंतीचं शुक्रवारी करते," ती म्हणाली आणि रहाटावर उभी राहिली. थोड्या वेळाने वरून आवाज आला, "क्लासभाऊ, चोपताय का नुसतं थोपटताय?"

"चोपतोय."

"आवाज येत नाही."

मी जोरात चोपले. ते बुजवणे तेरा दिवस चालले. त्या विहिरीचे पाणी माणसांच्या पिण्याजोगे कधीच झाले नाही, पण दोन वर्षांत गुरे तोंड मागे न सारता पिऊ लागली. पिंपांची बैलजोडी नांगराला मोकळी झाली. पुढे इतर गावे आगाथाला नव्या विहिरींवर चवीला बोलवू लागली. ती जायची, चिमूट जिभेवर ठेवायची, आणि खाली उतरलेल्या माणसाला वर यायला सांगायची. बहुतेक जण भांडायचे. मी तिच्यासोबत असलो तर त्यांना सांगायचो की भांडू नका, ती बादलीवर बसते.

त्या नोव्हेंबरात पाऊस पडल्यावर तिने सात नंबरवर भुईमूग टोकला. मुली पुढे दाणे टाकत होत्या, ती मागून पायाने माती लोटत होती. मी रस्त्याने चाललो होतो. कुंपणाशी थांबून म्हटले की ओळी जरा लांब-लांब धरल्यात, जागा फुकट जाते.

"पहिल्या वर्षी एवढ्याच," ती म्हणाली. "जमीन काय देते ते बघू दे आधी."

मी ओळी बघितल्या. लांब होत्या, पण शेवटपर्यंत सरळ होत्या.